तीस हजार रुपये आणि दहा फुटांची कयाक

मागच्या महिन्यात या सदरात मी दाभोळच्या खाडीत कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवर, बसून तांबोशी मासा कसा गरवतो, म्हणजे गळाने पकडतो, ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत प्रश्न एकच आहे: खिशाला परवडेल अशी कयाक कुठली घ्यावी? म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवतो आणि चार पत्रं घेतो. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलं आहे. त्यातलं बहुतेक सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, तेव्हा सगळ्यांनी वाचावं.

*मी चिपळूणचा. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी आहे. वय ३४, वजन ८२ किलो, पोहता येतं. सुट्टीच्या दिवशी गोवळकोटच्या धक्क्यावरून गरवतो. मासा पलीकडच्या काठाला पाण्यावर उसळताना दिसतो, पण गळ तिथवर पोचत नाही. कयाकसाठी ३० हजार रुपये साठवले आहेत. हवा भरायची कयाक पाहिली, ती माझ्या छोट्या गाडीच्या डिकीत मावते. कडक प्लॅस्टिकची टपावर बांधावी लागेल. मित्र म्हणतो, अजून थांब, पैसे जमव आणि पायांनी चालवायची घे, म्हणजे हात गरीला मोकळे राहतील. काय करू?*
— एक वाचक, चिपळूण

तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट राहिली. गाडी उभी करता तिथून पाणी किती पावलांवर आहे, आणि ओहोटीला तिथे किती चिखल उघडा पडतो? मी कयाक घेणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारतो. माझ्या ओळखीतल्या पाच जणांनी गेल्या आठ-नऊ वर्षांत कयाक घेतल्या. त्यातल्या दोनच आज पाण्यात जातात. उरलेल्या तीन पडवीत पडून आहेत, एकीवर तर सुकवायला सुपाऱ्या पसरलेल्या असतात. तिघांच्याही कयाक चांगल्या आहेत, तिघांनीही भरपूर पैसे मोजलेत. पण पहाटे पाचला एकट्याने उचलून, चिखलातून ओढून पाण्यापर्यंत नेणं त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर नको झालं. एकट्याला उचलता येणार नाही ती कयाक कितीही स्वस्तात मिळाली तरी महाग पडते, हे माझं मत मी आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

म्हणून तुमच्या मित्राचा सल्ला आत्ता ऐकू नका. पायांनी चालवायच्या कयाकचं वजन सगळ्या सामानासकट ४० ते ५० किलोंच्या घरात जातं आणि किंमत साध्या कयाकच्या कितीतरी पट. शिवाय तिचा पंखा बुडाखाली असतो. वाशिष्ठी नदीच्या उथळ चिखलात, पाण्याखाली तरंगणाऱ्या पिशव्यांत आणि जाळ्यांच्या तुकड्यांत तो अडकला, की भर पाण्यात वाकून सोडवत बसावं लागतं. मोठ्या, खोल आणि स्वच्छ पाण्यात ती उत्तम चालते. आपल्या खाडीच्या आतल्या फाट्यांत नाही.

हवेच्या कयाकबद्दल मी अनुभवाने बोलतो, कारण माझी पहिली कयाक तीच होती. २०१६ साली घेतली. डिकीत मावायची, दहा मिनिटांत फुगायची, उचलायला हलकी, मला फार आवडायची. एका ओहोटीला खडपाच्या कडेने येताना पाणी दोन वीत उरलं होतं ते माझ्या लक्षात आलं नाही. खालच्या कालवांनी बूड बोटभर फाडलं. आत हवेचे तीन वेगळे कप्पे होते, त्यातले दोन टिकले म्हणून मी अर्धवट पाण्यात बसून काठाला लागलो. ठिगळ लावून पुढे वर्षभर वापरली, पण मन कायम खाली काय आहे यातच. खाडीत प्रत्येक दगडाला, धक्क्याच्या प्रत्येक खांबाला कालवं चिकटलेली असतात आणि कांदळवनात तिवराची टोकदार मुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यात खारं पाणी घड्यांमध्ये राहतं आणि आपल्या दमट हवेत ती नीट सुकत नाही, बुरशी धरते. वारा सुटला की पाण्यावर पाचोळ्यासारखी भरकटते. हवेची कयाक वाईट नाही. धरणाच्या संथ पाण्यात मी तीच सुचवीन, आणि खाली पुण्याच्या पत्राला तीच सुचवली आहे. पण गोवळकोटसाठी नको.

उरली कडक प्लॅस्टिकची. हिचं प्लॅस्टिक आणि बनवण्याची रीत ही आपल्या घरावरच्या काळ्या पाण्याच्या टाकीसारखीच. साच्यात पॉलिथिलीनची पूड घालतात, साचा तापवून सगळ्या बाजूंनी फिरवतात, आणि आतून एकसंध, बिनसांध्याचं कवच तयार होतं. म्हणूनच ती दगडावर आपटली, कालवांवर घासली, तर ओरखडा उठतो, फुटत नाही. आणि कधी चिरलीच, तर टाक्यांना गरम हवेने डाग देणारा माणूस तिलाही डाग देऊ शकतो. फक्त त्याला सांगा की पट्टी पॉलिथिलीनचीच हवी. घरी अ‍ॅरल्डाइट लावत बसू नका, या प्लॅस्टिकला ते धरत नाही.

यातही दोन प्रकार आहेत. एकीत पाय आत घालून बसतात, दुसरीत वरच्या खोलगट भागावर बसतात. तिला सिट-ऑन-टॉप म्हणतात, आणि तुम्ही तीच घ्या. पहिली उलटली की आत पाणी भरतं आणि भर खाडीत ते उपसणं एकट्याचं काम नाही. दुसरीला आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं आणि उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येतं.

माप सांगतो. लांबी दहा फूट, म्हणजे साधारण तीन मीटर. यापेक्षा लांब असेल तर सरळ पळते, पण कांदळवनातल्या अरुंद फाट्यात वळत नाही. रुंदी ७५ ते ८० सेंटीमीटर. ७० च्या खाली गेलात तर मासा ओढताना डुलते, ९० च्या वर गेलात तर वल्हवताना खांदे भरून येतात. वजन २५ किलोंच्या आत. आणि किती भार पेलते ते पाहताना कंपनीने लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, त्याचे ७० टक्केच धरा. तुम्ही ८२ किलो, सामान, पाणी, बर्फ आणि देवाच्या कृपेने मिळालेली मासळी धरून १०० किलो. म्हणजे कागदावर १४५ किलोंच्या आसपास आकडा हवा. त्याहून कमी असेल तर त्या भोकांतून पाणी वर येईल आणि तुम्ही दिवसभर ओल्यात बसाल.

रॉड होल्डर (गरीची काठी खोचायची नळी), डबे, फिशफाइंडरची (मासे शोधणाऱ्या यंत्राची) जागा असल्या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजू नका. भाजीवाल्यांकडचं प्लॅस्टिकचं क्रेट बसायच्या जागेमागे दोरीने आवळून बांधा, त्याला दीड इंची पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे जोडा, झाले रॉड होल्डर. माझे सात वर्षं टिकलेत. सायकलची दोन जुनी छोटी चाकं आणि त्याच पाइपाची चौकट यांचा गाडाही करून घ्या, रस्त्यावरून पाण्यापर्यंत कयाक त्यावर जाते.

मग ३० हजार कुठे खर्च करायचे? त्यातले सात-आठ हजार आजच वेगळे काढा. ते कयाकचे नाहीत. ते लाइफ जॅकेटचे, चांगल्या वल्ह्याचे आणि दोरदोऱ्याचे आहेत. वल्हं २३० सेंटीमीटरचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती चालतील, फक्त हातात धरून दहा मिनिटं हवेत मारून बघा. एका सकाळीत तुम्ही ते काही हजार वेळा उचलणार आहात, पाव किलोचा फरकसुद्धा संध्याकाळी खांद्यात कळतो.

जॅकेटबद्दल मी जरा कळकळीने लिहितो. पोहता येतं असं तुम्ही लिहिलंय, तसं मलाही येतं. २०१८ च्या फेब्रुवारीत धोपाव्याच्या अलीकडे मी एका खांबाला बाजूने दोर बांधून गरवत होतो. ओहोटीची ओढ वाढली, दोर ताणला, कयाकची एक कड खाली दबली आणि क्षणात मी पाण्यात. पोहणं येत असलं तरी अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट, दंडाला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा, आणि पाणी समुद्राकडे ओढतंय. अंगावर जॅकेट होतं म्हणून मला घाई करावी लागली नाही. दोरा सोडवला, कयाक धरली आणि मग चढायला गेलो. मागच्या क्रेटमध्ये मी इतकं सामान भरलं होतं की चढायला जागाच नव्हती. दोनदा वर जाऊन परत घसरलो. तिसऱ्यांदा बर्फाची पेटी सोडून दिली, तेव्हा जमलं. त्या दिवसापासून मी कयाकच्या मधल्या भागात काही ठेवत नाही, नांगराचा किंवा खांबाचा दोर नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, नाहीतर मागच्या टोकालाच बांधतो, बाजूला कधीच नाही, आणि तो एका झटक्यात सुटेल असा. जॅकेटवर एक सुरी असते.

तुम्हाला पोहता येतं, तेव्हा ५० न्यूटनचं, वल्हवणाऱ्यांसाठी हात मोकळे ठेवून शिवलेलं जॅकेट घ्या. ५० न्यूटन म्हणजे पाच किलोंच्या आसपास उचल, आणि पाण्यात माणसाला तरंगत ठेवायला तेवढी पुरते. प्रवासी बोटीवर लटकवलेली ती जाडजूड केशरी जॅकेटं घालून वल्हवता येत नाही, म्हणून लोक ती काढून पायाशी ठेवतात, आणि पायाशी ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग होत नाही.

उरलेल्या २२-२३ हजारांत नवी मिळाली तर बघा, पण मी जुनीच शोधीन. माझी आताची कयाक मी २०१७ च्या मे महिन्यात तारकर्लीकडच्या एका जलक्रीडा चालकाकडून १६ हजारांत घेतली. पावसाळ्यात त्यांचा धंदा बंद असतो, त्यामुळे मे अखेरीस काहीजण जुना माल काढतात. तुम्हाला बघायला जायचं तर सोबत टॉर्च न्या. अंधाऱ्या खोलीत कयाकच्या आत टॉर्च लावा आणि बाहेरून बघा. जिथे उजेड जास्त पाझरतो तिथे प्लॅस्टिक झिजून पातळ झालंय, बहुतेक वेळा मागच्या टोकाच्या बुडाशी, जिथे ती वाळूवरून ओढतात. पाणी जायच्या भोकांच्या कडा बोटाने चाचपा, चिरा तिथून सुरू होतात. अंगठ्याने पृष्ठभाग घासा. पांढरी भुकटी हाताला लागली तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेली आहे, सोडून द्या. आणि आत दोन बादल्या पाणी ओतून ती डुलवा, कुठे पाझरते ते दहा मिनिटांत दिसेल. बुडाला पोचा असेल तर त्याचं भय नको, कडक उन्हात ठेवली किंवा उकळतं पाणी ओतलं की बऱ्याचदा तो वर येतो. ओरखडे तर असणारच.

आता तुमच्या पाण्याबद्दल. गोवळकोटहून निघालात तर जाताना ओहोटीबरोबर खाली आणि येताना भरतीबरोबर वर. परतीचं पाणी आपल्या बाजूने असायला हवं, कारण येताना माणूस दमलेला असतो. वेळ काढायची आपली जुनी रीत तुम्हाला घरात कोणीतरी सांगितलीच असेल: तिथीला पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. सप्तमीला सव्वापाच. तिथून सहा तासांनी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे षष्ठी, सप्तमी, अष्टमीला उजाडताना निघालात तर पाणी तुम्हाला खाली नेतं, अकरा-बाराला वळतं, आणि तोवर पश्चिमेचा खारा वारा सुटतो, तोही पाठीत. त्यात हे दिवस भांगाचे, पाण्याला ओढ कमी. पहिले दहा दौरे फक्त याच तिथींना करा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नंतर. ही वेळ खाडीच्या तोंडाची, आत गोवळकोटला पाणी त्याहून उशिरा वळतं. किती उशिरा, ते धक्क्याच्या पायरीवर खूण करून दोन-चार रविवार बघून ठेवा.

चिपळूणच्या वर कयाक घालायची असेल तर अवजलाचं भान ठेवा. पोफळीला वीजनिर्मिती झाली की कोयनेचं पाणी कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं, आणि आकाश निरभ्र असताना नदी चढते. दगडावर कयाक ठेवून डबा खायला बसलात तर ती बांधून ठेवा.

आणि मगरी. त्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. थंडीत चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मी काठापासून लांबून, वल्हं न आपटता जातो, आणि उन्हाळ्यात मादी अंड्यांपाशी असते तेव्हा मऊ मातीच्या काठांना अजिबात खेटत नाही. पकडलेला मासा दोरीत ओवून पाण्यात सोडून ठेवायची सवय इथे मोडा. तो झाकणाच्या पेटीत, बर्फात.

*मी पेणजवळ खारेपाटात राहतो. आमच्याकडे फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आहेत. एकजण म्हणतो, दहा फुटी कयाक कंपनीपेक्षा स्वस्तात करून देतो. धरमतरच्या खाडीत जिताड्यासाठी वापरायची आहे. करून घेऊ का?*
— एक वाचक, पेण

करून घ्या, पण त्याच्याकडे आधी पाण्यात उतरलेल्या एखाद्या कयाकवरून काढलेला साचा असेल तरच. नजरेने आकार धरून केलेली होडी तीन माणसं, इंजीन आणि जाळ्याच्या वजनाने स्थिर होते. कयाकमध्ये तुम्ही एकटेच असता आणि तुमचं वजन पाण्याच्या वर असतं, तिथे बुडाच्या आकारातली दोन इंचांची चूकसुद्धा लगेच जाणवते.

साचा असेल तर त्याच्याशी दोन गोष्टी बोला. होडीच्या सवयीने तो फायबर मॅटचे थर जाड घालेल आणि कयाक ३५ किलोंची होईल. बूड आणि कडा मजबूत, बाकी पातळ, आणि वजन २५ च्या आत असं आधीच ठरवा, पैसे देताना काट्यावर चढवा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, फायबर जड. फायबरची कयाक पाण्याने भरली तर तळाला जाते. म्हणून दोन्ही टोकांना बंद कप्पे आणि त्यात फोम हवा. तो थर्माकोल घालायला निघाला तर थांबवा. होडीला वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनने थर्माकोल विरघळतो, बाहेरून काही दिसत नाही आणि आत पोकळी उरते. पीयू (पॉलियुरेथेन) फोम घाला म्हणावं. मग ताबा घेताना कमरेभर पाण्यात ती पूर्ण भरून बघा, भरलेली असताना तरंगली तरच उरलेले पैसे द्या.

फायबरचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे: ती बनवणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. दगडावर आपटून तडा गेला, तर मॅटचा तुकडा आणि रेझिन घेऊन तो अर्ध्या दिवसात दुरुस्त करील. रंग मात्र निळा किंवा हिरवा देऊ नका. पिवळा नाहीतर भगवा द्या, कारण धरमतरला बार्ज, म्हणजे मोठ्या मालवाहू बोटी, चालतात. बार्ज लगेच थांबू शकत नाही आणि खोल पाण्याचा पट्टा सोडून वळूही शकत नाही. तेव्हा तो पट्टा त्यांचा, कडेचे फाटे तुमचे, आणि पलीकडे जायचं तर दोन्हीकडे नजर टाकून सरळ, आडवं, न थांबता. जिताडाही काही मधोमध बसलेला नसतो. पाणी वळायच्या सुमाराला तो फाट्याच्या तोंडाशी, उघडीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) आसपास येतो, हे तुम्हा खारेपाटातल्या माणसाला मी सांगायला नको.

तुमच्याकडे उधाणाला पाणी दाभोळपेक्षा कितीतरी जास्त चढतं-उतरतं. मुंबईला मोठ्या उधाणाला हा फरक पाच मीटरच्या जवळ जातो आणि दक्षिणेकडे गोव्यापर्यंत तो दोनेक मीटरवर येतो. ओहोटीला तुमचा परतीचा रस्ता शंभर-दोनशे फूट गुडघाभर चिखल होऊ शकतो. चिखलात अडकलात तर उतरून चालू नका. कयाकवरच बसून राहा, पाणी परत येतंच.

*आम्ही नवराबायको दोघंही गरवतो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, कयाक ठेवायला पार्किंगमध्ये जागा नाही. पवना, मुळशीकडे जायचा विचार आहे. दोघांची एक घ्यावी की दोन?*
— एक वाचक, पुणे

तुम्हाला हवेचीच घ्यावी लागेल आणि त्यात काही कमीपणा नाही. डेकॅथलॉनसारख्या दुकानात जाऊन हाताळून बघा. बूड कडक होणारं असेल अशी निवडा. त्यात आत हजारो धाग्यांनी वरचा आणि खालचा पडदा जोडलेला असतो, त्यामुळे ते फळीसारखं ताठ होतं. साधं फुगणारं बूड तुमच्या वजनाखाली मधोमध दबतं.

दोघांत एक घ्या, पण गरवताना एकाने वल्हं धरायचं आणि एकाने गरी. दोघांनी एकदम गळ फेकायचे नाहीत. हवेच्या कयाकवर गळ रबरी बुचात खोचूनच ठेवायचे, सुरी म्यानात. दुपारच्या उन्हात काठावर ठेवलीत तर थोडी हवा सोडा, आतली हवा तापून फुगते आणि शिवणी ताणल्या जातात. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, ते दिसत नाहीत, तेव्हा काठाजवळ हळू.

जायच्या आधी परवानगी विचारा. पवना धरण जलसंपदा विभागाकडे आहे, मुळशीचं टाटा पॉवरकडे, आणि बहुतेक जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. भेटलात, विचारलंत, तर बहुतेक वेळा तेच चांगली जागा दाखवतात. आणि कधी महाशीर मासा लागला तर ओल्या हातांनी गळ सोडवून त्याला पाण्यात परत सोडा ही माझी विनंती. आपल्या नद्यांत तो आता फार थोडा उरला आहे.

*माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. कर्लीच्या खाडीत पोहायला शिकला. आता कयाक हवी म्हणून हट्ट धरून बसलाय. त्याचे बाबा बोटीवर असतात, वर्षातले आठ महिने घरी नसतात. पैशांचं ते बघतील. मला पोहता येत नाही. मी हो म्हणू का, एवढंच सांगा.*
— एक आई, मालवण तालुका

ताई, हो म्हणा. पण कयाक यायच्या आधी जॅकेट येऊ द्या. त्याच्या आजच्या वजनाला बसेल असं, पुढे वाढेल म्हणून मोठं नको. घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्याशी धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्याचं नाही. एक शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी.

कयाक त्याच्या मापाची हवी. मोठ्या माणसाची ८० सेंटीमीटर रुंद कयाक त्याला वल्हवता येणार नाही, हात कडेवर घासतील. आठ फुटी, ७० सेंटीमीटरच्या आसपास रुंद, १५ ते १८ किलोंची बघा. चार वर्षांनी तो तिच्यात मावणार नाही, पण तेव्हा ती गावातला दुसरा कोणी मुलगा घेईल, प्लॅस्टिकची कयाक तेवढ्यात खराब होत नाही. मधल्या काळात ती सावलीत, आडव्या कडेवर टेकून ठेवायला सांगा, उन्हात नाही.

मग पहिला दिवस. भरती पूर्ण झाल्यावर, पाणी थांबलेलं असताना, जिथे त्याला कमरेभर लागतं तिथे. गरी घरी ठेवायची. त्याला सांगा, आज फक्त पडायचं. कयाक उलटवायची, बाजूला यायचं, तिला सरळ करायची, पाय मागे जोरात मारून पोटावर वर सरकायचं, वळायचं आणि बसायचं. तुम्ही काठावर उभ्या राहून मोजा. न थांबता, कोणाच्या मदतीशिवाय पाच वेळा जमलं, की तो खोल पाण्यात जाऊ शकतो. चारच जमली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हे तुम्हाला पोहता येत नसलं तरी तुम्ही पारखू शकता, आणि तुम्हीच पारखावं.

हद्द आधी ठरवा. देवबागचा संगम, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे ओहोटीची ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही. त्यामुळे संगमाच्या बाजूला एक ओळखीचं झाड किंवा धक्का ठरवा आणि त्याच्या खाली जायचं नाही असं त्याच्याकडून बाबांसमोर, फोनवर का होईना, कबूल करून घ्या. निघायची वेळ भरती सुरू होताना, म्हणजे काही बिघडलं तरी पाणी त्याला आत, घराकडेच आणील. पहिलं वर्षभर जोडीला कोणीतरी हवं, दुसरी कयाक किंवा ओळखीच्या काकांची होडी. आणि मोबाइल पाणी न जाणाऱ्या पिशवीत, गळ्यात. क्रेटमध्ये नाही, कारण कयाक उलटली की क्रेट सर्वांत आधी जातं.